कोन सांगणाऱ्या चिपवर किती विश्वास ठेवावा?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एमपीयू-६०५० हा सेन्सर मागितला, तर बहुधा एक छोटी निळी पट्टी हातात पडते. टपाल तिकिटाएवढ्या त्या पट्टीवर चार मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी काळी चिप असते. किंमत दोनशे रुपयांच्या आसपास. आर्डुइनोसारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला ती चार तारांनी जोडायची, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली लायब्ररी उतरवून घ्यायची, की थोड्याच वेळात संगणकाच्या पडद्यावर आकडे धावू लागतात. पट्टी इकडे कलवली की १२.३७ अंश, तिकडे कलवली की उणे ८.९१ अंश. विज्ञान प्रदर्शनातला दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, हौसेनं बनवलेला ड्रोन, या सगळ्यांची सुरुवात इथून होते. पुष्कळांचं शिकणंही इथेच थांबतं, कारण हवा तो आकडा मिळालेला असतो. माझं म्हणणं असं की हा आकडा मोजलेला नसतोच. त्या चिपमध्ये कोन मोजणारा एकही भाग नाही. भलत्याच दोन गोष्टी मोजून त्यावरून कोनाबद्दल काढलेलं ते अनुमान असतं. त्या अनुमानामागची गृहीतकं ज्याला ठाऊक नाहीत, त्यानं दशांश चिन्हापुढच्या त्या दोन आकड्यांवर भिस्त ठेवू नये.

चिपमध्ये दोन प्रकारचे सेन्सर असतात. पहिला अ‍ॅक्सिलरोमीटर, म्हणजे त्वरणमापक. सिलिकॉनमधूनच कोरलेल्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर सिलिकॉनचाच एक ठोकळा टांगलेला असतो. चिप कलली की ठोकळा किंचित सरकतो, त्याला काढलेले बारीक दाते शेजारच्या स्थिर दात्यांच्या जवळ किंवा लांब जातात, त्यांच्यामधली विद्युत धारिता बदलते आणि तो बदल आकड्यात उतरतो. गवंड्याचा ओळंबा जे काम करतो तेच हे, फक्त दोरीच्या जागी स्प्रिंग आहे. नेहमीच्या सेटिंगवर या चिपमध्ये एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण, १६,३८४ या आकड्यानं दाखवलं जातं. पट्टी सपाट ठेवली की उभ्या अक्षावर हा आकडा यायला हवा आणि आडव्या दोन अक्षांवर शून्य. आता पट्टी फक्त एका अंशानं कलवा. आडव्या अक्षावरचा आकडा शून्यावरून २८६ वर जातो, कारण एका अंशाची साइन ०.०१७४५ आहे. उभ्या अक्षावरचा आकडा मात्र जेमतेम दोन-तीननं घटतो, कारण शून्य अंशापाशी कोसाइन जवळजवळ बदलतच नाही. पट्टी नव्वद अंशांपाशी नेली की उलट होतं: आडवा अक्ष मंदावतो आणि उभा तरतरीत होतो. म्हणून जाणकार माणूस कोन काढताना एका अक्षावर विसंबत नाही, दोन्हींचं गुणोत्तर घेऊन उलट टॅन काढतो. दहावीच्या त्रिकोणमितीचा इतका थेट उपयोग दुसरीकडे क्वचितच दिसतो.

एका अंशाला २८६ पायऱ्या पडतात म्हटल्यावर अंशाचा अडीचशेवा भागसुद्धा बिनचूक कळत असेल असं वाटतं. इथे पहिला धोका आहे. याच चिपच्या माहितीपत्रकात उत्पादकानं स्वच्छ लिहिलं आहे की आडव्या अक्षांवरचं शून्य ०.०५ जी इतकं इकडे-तिकडे असू शकतं. याचा कोनात अर्थ जवळपास तीन अंश. म्हणजे पायरी अंशाच्या अडीचशेव्या भागाची, पण मुळात जिन्याची जागाच तीन अंशांनी चुकलेली असू शकते. बारीक आकडा आणि खरा आकडा यांत केवढं अंतर असतं, हे शाळेत सांगायला याहून स्वस्त उदाहरण मिळणार नाही. उपाय गवंड्यांना पूर्वीपासून माहीत आहे. पाणसळ खरी की खोटी हे पाहायचं असेल तर ती त्याच जागी टोकं बदलून ठेवतात. सेन्सरचंही तसंच करावं. टेबलावर एकदा तो सरळ ठेवायचा, मग त्याच जागी अर्धं वर्तुळ फिरवून ठेवायचा. दोन वाचनांची सरासरी म्हणजे सेन्सरचा अंगचा दोष, आणि त्यांच्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे टेबलाचा खरा कल. यासाठी महागडं उपकरण लागत नाही, पाच मिनिटं लागतात. तरीही ही पाच मिनिटं न देता केलेले प्रकल्प सर्रास दिसतात.

अंगचा दोष काढून टाकता येतो. दुसरी अडचण मात्र काढता येत नाही, कारण ती चिपची नाही, निसर्गाची आहे. धावत्या एसटीत ओळंबा धरला आणि चालकानं ब्रेक दाबला, तर ओळंबा पुढे झुकेल. गाडी उतारावर आहे की तिनं ब्रेक लावला आहे, हे त्या ओळंब्याकडे पाहून सांगता येणार नाही. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला फरक बंद खोलीत बसून ओळखता येत नाही, हा विचार आइन्स्टाइनला १९०७ साली सुचला आणि पुढे त्यावरच सामान्य सापेक्षता सिद्धांत उभा राहिला. दोनशे रुपयांची चिप त्यातून सुटणार कशी? वाहनानं ०.३ जी इतका, म्हणजे बऱ्यापैकी जोराचा ब्रेक लावला, तर सपाट रस्त्यावर त्वरणमापक जवळपास १७ अंशांचा कल दाखवतो. काहीजण यावर तोड सुचवतात: एकूण त्वरण एक जीपेक्षा वेगळं दिसलं की ते वाचन टाकून द्यावं. कल्पना चांगली आहे, पण हिशेब करून पाहिला की तिची मर्यादा कळते. खाली एक जी आणि आडवं ०.३ जी यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या नियमानं १.०४४ जी येते. कोनात १७ अंशांची चूक, पण एकूण त्वरणात फक्त चार-साडेचार टक्क्यांचा फरक. खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांत तो सहज बुडून जातो.

म्हणून दुसरा सेन्सर, जायरोस्कोप, हवा. लिऑन फुको यांनी १८५२ साली पृथ्वीचं परिवलन दाखवण्यासाठी जायरोस्कोप वापरला तेव्हा त्यात जड चक्र गरगरत होतं. चिपमध्ये फिरणारं काही नसतं. एक इवलासा सिलिकॉनचा तुकडा सेकंदाला सुमारे ३० हजार वेळा मागेपुढे थरथरत ठेवलेला असतो. चिप वळली की त्या थरथरणाऱ्या तुकड्यावर आडवं बल येतं. कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये गणितात मांडलेलं ते हेच बल. माशीच्या पंखांमागे दोन बारीक दांडे असतात, तेही पंखांबरोबर थरथरत याच तत्त्वावर वळणं ओळखतात. ब्रेक, धक्के, उतार यांचा जायरोला फारसा त्रास होत नाही. पण तोही कोन सांगत नाही, फक्त फिरण्याचा वेग सांगतो, सेकंदाला किती अंश ते. कोन हवा असेल तर मायक्रोकंट्रोलरनं प्रत्येक क्षणीच्या वेगाला वेळेनं गुणून ती बेरीज करत राहायचं. आता स्थिर ठेवलेल्या जायरोचं वाचन नेमकं शून्य कधीच नसतं. सुरुवातीची चूक वजा केली तरी तापमान बदललं की थोडी पुन्हा उगवते. समजा सेकंदाला केवळ ०.१ अंश एवढी चूक उरली. मिनिटाभरात ती सहा अंश होते आणि तासाभरात टेबलावर निपचित पडलेल्या पट्टीनं हिशेबात एक पूर्ण फेरी मारलेली असते. म्हणजे त्वरणमापक क्षणाक्षणाला बहकतो, पण दीर्घकाळात त्याची सरासरी खरी असते. जायरो क्षणापुरता विश्वासू असतो, पण दीर्घकाळात वाहवत जातो. दोघांच्या चुका अशा विरुद्ध स्वभावाच्या आहेत म्हणूनच त्यांची सांगड घालता येते.

ही सांगड घालण्याची सर्वांत सोपी रीत एका ओळीत मावते. नवा कोन काढताना आधीच्या कोनात जायरोनं सांगितलेली भर घालायची, त्याचा ९८ टक्के भाग घ्यायचा आणि त्वरणमापकानं सांगितलेल्या कोनाचा २ टक्के भाग त्यात मिळवायचा. हे सेकंदाला शंभर वेळा करायचं. शेकडो प्रकल्पांत हे ०.९८ आणि ०.०२ जसेच्या तसे उतरवलेले असतात, जणू ते निसर्गाचे स्थिरांक आहेत. त्यांचा अर्थ पाहू. या आकड्यांनी जायरोवरचा विश्वास सुमारे अर्ध्या सेकंदापुरता ठरतो, त्याहून जुन्या गोष्टींसाठी त्वरणमापकाचं ऐकलं जातं. अशा वेळी ०.१ अंशाच्या जायरो-चुकीचा परिणाम केवळ ०.०५ अंश उरतो, जो कुणालाही चालेल. पण वाहनानं दोन सेकंद ब्रेक दाबून ठेवला तर तो १७ अंशांचा खोटा कल जवळजवळ पूर्णपणे उत्तरात शिरतो. मग आकडे बदलून ०.९९८ आणि ०.००२ करा. जायरोवरचा विश्वास पाच सेकंदांपर्यंत वाढतो, ब्रेकची चूक साडेपाच अंशांवर येते, पण जायरोच्या वाहवण्याची चूक दहापट होऊन अर्धा अंश होते. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी जोडी अस्तित्वात नाही. टेबलावर डुलणाऱ्या रोबोला पहिली जोडी शोभते, रस्त्यावरच्या गाडीला दुसरी किंवा त्याहूनही पुढची. आणि सूर्यामागे दिवसभर सावकाश वळणाऱ्या सौर पॅनेलचा कल पाहायचा असेल तर जायरोची गरजच नाही, त्वरणमापकाची लांब सरासरी पुरते. यंत्र कशा प्रकारे हलणार आहे याचं उत्तर दिल्याशिवाय कोनाचं उत्तर मिळत नाही, आणि ते पहिलं उत्तर चिप देऊ शकत नाही. ते माणसानं द्यायचं असतं.

यावर हुशार विद्यार्थी दोन आक्षेप घेतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की ही कटकट आता चिपच करते. बॉशच्या बीएनओ-०५५ मध्ये प्रक्रिया करणारा छोटा संगणक आतच बसवलेला आहे आणि तो तयार कोन बाहेर देतो. एमपीयू-६०५० मध्येही अशा कामासाठी वेगळा प्रक्रियक आहे. दुसरा आक्षेप असा की टक्केवारीची ही रीत बाळबोध आहे, रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेला फिल्टर वापरावा, अपोलो मोहिमेत तोच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि कामात त्यांचा वापर जरूर करावा. पण त्यांनी मूळ प्रश्न सुटत नाही. काल्मान फिल्टरला प्रत्येक सेन्सरमध्ये किती गोंगाट आहे आणि यंत्र किती अनपेक्षितपणे हलू शकतं याचे आकडे आधी द्यावे लागतात, ते चुकले तर सुंदर गणितही चुकीचं उत्तर आत्मविश्वासानं देतं. तयार कोन देणाऱ्या चिपमध्ये तेच आकडे कारखान्यात कुणीतरी ठरवून ठेवलेले असतात. आपण ड्रोनवर बसलो आहोत की ट्रॅक्टरवर, हे त्या चिपला कळायला मार्ग नाही. शिवाय उभ्या अक्षाभोवतीचं वळण, म्हणजे तोंड कोणत्या दिशेला आहे ते, त्वरणमापकाला अजिबात कळत नाही, कारण कितीही गोल फिरलं तरी गुरुत्वाकर्षण खालीच राहतं. त्यासाठी चुंबकीय होकायंत्राचा सेन्सर जोडतात, आणि तो शेजारच्या मोटरनं किंवा लोखंडी चौकटीनं बिथरतो. गृहीतकं कमी होत नाहीत, फक्त नजरेआड जातात.

तिसरा आक्षेप पैशाचा असतो: स्वस्त सेन्सर असाच वागणार, चांगला घेतला की झालं. महाग जायरो शेकडो-हजारो पटींनी स्थिर असतात हे खरं. विमानांतले लेझर जायरो तासाला अंशाच्या शंभराव्या भागाएवढेच वाहवतात. पण युरोपीय अंतराळ संस्थेच्या शियापरेली या यानाचं काय झालं ते पाहा. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ते मंगळाच्या वातावरणात शिरलं, सुमारे १२ किलोमीटर उंचीवर त्याचं पॅराशूट उघडलं आणि यान जोरात हेलकावलं. हेलकाव्याचा वेग त्याच्या जायरोसंचाच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर गेला आणि अपेक्षेपेक्षा जास्त काळ, जवळपास एक सेकंद, तो कमाल आकड्यावरच अडकून राहिला. संगणक तो कमाल वेग प्रामाणिकपणे बेरजेत धरत गेला. शेवटी आपण जवळजवळ उलटे झालो आहोत असा त्याचा समज झाला. रडार जमिनीपर्यंतचं अंतर बरोबर सांगत होतं, पण चुकलेल्या कोनातून त्याची उंची काढल्यावर उत्तर उणे आलं, म्हणजे यान जमिनीखाली. संगणकानं पॅराशूट सोडलं, ब्रेकचे रॉकेट सुमारे तीन सेकंदच चालवले आणि यान उतरलं असं मानून पुढची कामं सुरू केली. त्या वेळी ते ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. सेन्सर बिघडला नव्हता, स्वस्तही नव्हता. उंची उणे असूच शकत नाही, हे त्या क्षणी विचारणारं मात्र कुणी नव्हतं. हीच चूक घरच्या पट्टीवर सहज दाखवता येते. एमपीयू-६०५० नेहमीच्या सेटिंगवर सेकंदाला २५० अंशांपर्यंतच मोजतो. मनगटाला झटका देऊन ती पाचव्या हिश्श्याच्या सेकंदात नव्वद अंश वळवली की वेग ४५० अंश होतो, जायरो २५० वर अडतो आणि बेरजेत नव्वदऐवजी पन्नासच अंश जमा होतात. याउलट आपल्या चंद्रयान-३ च्या लँडरवर लेझर जायरो असूनही त्याच्या जोडीला ताऱ्यांवरून दिशा पाहणारा सेन्सर, लेझर आणि रडार असे दोन उंचीमापक आणि वेग पाहणारे कॅमेरे होते. चांगला सेन्सर मिळाला म्हणून पडताळणी सोडायची नसते.

मुंबईकरांच्या आठवणीत अशाच चुकीची एक फार दुःखद घटना आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेलं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून उडाल्यावर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं आणि त्यातले सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. वळताना विमान उजवीकडे कललं होतं, ते सरळ झाल्यावरही कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं उपकरण उजवा कलच दाखवत राहिलं. तो काढण्यासाठी कॅप्टननं विमान डावीकडे झुकवलं, झुकवतच नेलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज दिसत नव्हतं. आणि शरीराची जाणीव अशा वेळी मदतीला येत नाही, कारण आपल्या कानातही हेच दोन सेन्सर आहेत: कल ओळखणारे कण आणि वळण ओळखणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका. कणांना कल आणि त्वरण यांतला फरक कळत नाही, आणि एकाच वेगानं वळण चालू राहिलं की काही सेकंदांत नलिकांची जाणीव विरते. कॉकपिटमध्ये सहवैमानिकाचं वेगळं आणि मधलं राखीव अशी आणखी दोन उपकरणं होती. तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे वेळेत लक्षात येणं, यावर त्या रात्री सगळं अवलंबून होतं.

कुणी म्हणेल, शाळकरी रोबोच्या गप्पांत मंगळयान आणि विमान अपघात कशाला? रोबो पडला तर पुन्हा उभा करता येतो. माझ्या मते नेमकं म्हणूनच हे शिक्षण रोबोपाशी व्हायला हवं. आज स्कूटर आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, फोन कोसळण्याची आणि अपघाताची नोंद घेतात, शेतावर फवारणीचे ड्रोन उडतात. ही यंत्रं बनवणारी आणि दुरुस्त करणारी मुलं आज आठवी-नववीत आहेत. तयार लायब्ररीतून सुटसुटीत कोन घेऊन ज्यानं बक्षीस मिळवलं, त्याला पुढे चुकीचा कोन ओळखायला कुणी शिकवणार नाही.

म्हणून विज्ञान प्रदर्शनाची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना आणि घरी खटपट करणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं आहे की पहिल्या आठवड्यात लायब्ररीचा तयार कोन बाजूला ठेवा. पडद्यावर तीन रकाने काढा: फक्त त्वरणमापकाचा कोन, फक्त जायरोच्या बेरजेचा कोन आणि दोघांची सांगड घालून आलेला कोन. पट्टी दहा मिनिटं टेबलावर हात न लावता राहू द्या आणि दुसरा रकाना कुठे जातो ते लिहून ठेवा. मग पट्टी न कलवता टेबलावरून जोरात सरकवा आणि पहिला रकाना पाहा. मनगटाचा झटका द्या आणि दुसरा पुन्हा पाहा. शेवटी ०.९८ च्या जागी वेगवेगळे आकडे घालून तिसऱ्या रकान्यात काय बदलतं ते तपासा. आर्डुइनो नसेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं तयार केलेलं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप फोनमधल्या याच सेन्सरांचे कच्चे आकडे दाखवतं, टेबलावरचा प्रयोग त्यावरही सुरू करता येईल.